आधी गोष्ट, मग बाराखडी

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला. त्यावर राज्यभर रान उठले, जूनमध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि २९ जूनला सरकारने सगळेच मागे घेतले. त्या अडीच महिन्यांत कोणती भाषा, कितवीपासून आणि कोणाच्या हट्टापायी, यावर सभा झाल्या, अग्रलेख लिहिले गेले, मोर्चाची तयारी झाली. सहा वर्षांचे मूल वाचायला शिकते म्हणजे नेमके काय शिकते, हे मात्र कोणी विचारल्याचे आठवत नाही. पुण्या-मुंबईला हा प्रश्न बाजूला ठेवणे एक वेळ परवडेल. सोलापूरला तो दर जूनमध्ये, शाळेच्या पहिल्याच दिवशी भेटतो.

अशोक चौक, साखर पेठ, दत्त नगर किंवा विडी घरकुलातल्या एखाद्या मुलीचा दिवस पाहा. आजी तिच्याशी तेलुगूत बोलते. खाली गल्लीत खेळताना दखनी कानावर पडते. शाळेत मराठी, दुकानांच्या पाट्यांवर इंग्रजी, आणि सुट्टीत अक्कलकोटच्या एसटीत बसली तर अर्ध्या गाडीची कन्नड. गिरण्या आणि माग यांच्या ओढीने तेलंगणातले विणकर इथे आले. १८७७ साली उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीपासून पुढे शहराच्या पूर्वभागाची बोली बदलत गेली. कन्नड तर बाहेरून आलेलीच नाही. ज्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला सारे सोलापूर लोटते, त्यांनी बाराव्या शतकात आपली वचने कन्नडमध्ये रचली. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची नावे म्हणून पाहावीत: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. या शहराची भाषिक सरमिसळ त्या चार नावांतही दिसते.

कागदावर या मुलांसाठी पुष्कळ काही आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायला सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्य तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे असे म्हटले, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने निदान पाचवीपर्यंत तसे करावे असा आग्रह धरला. महाराष्ट्राला हे सांगावे लागले नाही, हे मान्य केले पाहिजे. १९६७ साली स्थापन झालेली बालभारती मराठीखेरीज उर्दू, कन्नड, तेलुगू, गुजराती, सिंधी, हिंदी अशा माध्यमांची पुस्तके छापत आली आहे. सोलापूर महापालिकेने मराठीबरोबर उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमाच्या शाळा चालवल्या, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. इतक्या भाषांत सरकारी पुस्तक देणारी राज्ये देशात फार नाहीत.

तरीही अडचण उरतेच, आणि ती दुहेरी आहे. एक म्हणजे घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कितीतरी मुले आज मराठी नाहीतर इंग्रजी माध्यमात बसतात. आईबापांचा तो निर्णय चुकीचा आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. नोकरी कोणत्या भाषेत मिळते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. दुसरी अडचण कमी बोलली जाते. मातृभाषेच्या शाळेत गेलेल्या मुलालाही तिथे आपली भाषा सापडतेच असे नाही. सोलापूरची तेलुगू तेलंगणातल्या बोलीतून निघालेली, दीडशे वर्षांत मराठी मुरलेली. पुस्तकातली तेलुगू वेगळ्या वळणाची. सीमेवरच्या कन्नडचे तेच. दखनीची गत तर त्याहून चमत्कारिक: इथून शंभरेक किलोमीटरवरच्या विजापूरच्या दरबारात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने जिच्यात ‘किताब-ए-नौरस’ लिहिले, ती भाषा घरात बोलणाऱ्या मुलाला शाळेत मात्र ती ‘बिघडलेली उर्दू’ म्हणून विसरायला लावतात. म्हणजे मातृभाषेचे पुस्तक हातात देऊनही आपण अनेकदा दुसरीच भाषा शिकवत असतो, आणि ते आपल्या ध्यानात येत नाही.

वर्गात काय होते ते जवळून पाहिले तर अडचण स्पष्ट होते. कन्नड किंवा तेलुगू लिपीत जे लिहिले ते सगळे वाचायचे. अक्षराच्या पोटातला ‘अ’ शब्दाच्या शेवटीही उच्चारला जातो. मराठीत आपण ‘घर’ लिहितो आणि शेवटचा ‘अ’ गिळून टाकतो. कन्नड शाळेत दोन वर्षे काढून आलेले मूल फळ्यावरचे ‘घर’, ‘बदक’, ‘पाऊस’ वाचताना प्रत्येक शब्दाला बारीक शेपूट लावते. मास्तर दुरुस्त करतात, मूल दचकते, पुढच्या शब्दाला पुन्हा तेच. मुलाचे चुकलेले काहीच नाही, त्याने त्याच्या लिपीचा नियम इमानाने पाळला आहे. मराठीचा नियम समजावून सांगायला जावे तर तो मोठ्यांनाही धड सांगता येत नाही. पण तेच मूल एखादे बडबडगीत चार-सहा दिवस टाळ्या वाजवत म्हणाले, आणि मग ते गीत मोठ्या अक्षरांत समोर आले, की ठेक्याबरोबर शब्द कुठे तोडायचा ते जीभ आपोआप शिकते. तेलुगूत बाईसाठी आणि वस्तूसाठी क्रियापदाचे एकच रूप चालते, म्हणून पूर्वभागातल्या मुलाच्या तोंडी ‘आई आलं’ असे येते. यावर व्याकरणाचा तास घेऊन फारसा उपयोग होत नाही. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट दहा वेळा ऐकलेल्या मुलाने ‘म्हातारी गेली, म्हातारी म्हणाली’ हे शेकडो वेळा ऐकलेले असते, तेही पुढे वाघ काय करणार या धास्तीने कान टवकारून. ही धास्ती फार मोलाची आहे. ‘कमल नमन कर’ या वाक्यात पुढे काय होणार याची उत्सुकता कोणत्याच मुलाला वाटलेली नाही.

गोष्टीने शिकवावे हा शोध नवा नाही. भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी ‘दिवास्वप्न’ लिहून नव्वद वर्षे उलटली. त्यातला शिक्षक हाती आलेल्या दंगेखोर वर्गाला सुरुवातीला फक्त गोष्टी सांगतो आणि मुख्याध्यापकांच्या नाराजीचा धनी होतो. न्यूझीलंडच्या सिल्विया ॲश्टन-वॉर्नर माओरी मुलांना शिकवत. त्यांच्या असे ध्यानात आले की इंग्रज घरातल्या मुलांची छापील पुस्तके ही मुले वाचत नाहीत, पण स्वतःच्या मनातले, भीतीचे आणि प्रेमाचे शब्द एकदा कागदावर पाहिले की विसरत नाहीत. मग त्या मुलांच्याच शब्दांची पुस्तके करून त्यांनी वाचन शिकवले.

दुसऱ्या भाषेच्या बाबतीत सर्वांत बोलका प्रयोग फिजी बेटांवरचा आहे. १९८० च्या सुमारास वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी खेड्यांतल्या चौथी-पाचवीच्या वर्गांत इंग्रजी गोष्टींची प्रत्येकी सुमारे २५० चित्रमय पुस्तके ठेवली. इंग्रजी ही त्या मुलांची घरची भाषा नव्हती. काही वर्गांत शिक्षक मुलांबरोबर पुस्तक वाचत, काही वर्गांत मुले आपापली मुकाट्याने वाचत. नेहमीचा रचनेचा अभ्यासक्रम घोकणाऱ्या वर्गांच्या मानाने या मुलांचे वाचन दुप्पट वेगाने सुधारले, आणि दुसऱ्या वर्षी हा फायदा लेखनात आणि इतर विषयांतही उतरला. महागडी यंत्रे नव्हती, लांबलचक प्रशिक्षणेही नव्हती. पुस्तके होती, आणि ती कपाटात कुलूपबंद नव्हती. हे शेवटचे वाक्य आपल्याकडच्या शाळांनी दोनदा वाचावे. शाळेला पुस्तके येतात, रजिस्टरला चढतात, आणि फाटली तर भरून कोण देणार या भीतीने तपासणीच्या दिवशी तेवढी बाहेर निघतात.

मग मातृभाषेचे काम काय? कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडले की एका भाषेत कमावलेले वाचन दुसऱ्या भाषेत वाया जात नाही, खालून पाणी एकच असते. सोलापुरात याची खूण अक्षरशः दिसते. कन्नडचे कागुणित, तेलुगूचे गुणिंतम् आणि मराठीची बाराखडी यांची चौकट एकच आहे. ‘क’ला काना दिला की ‘का’, हे एकदा एका लिपीत उमगलेल्या मुलाला दुसऱ्या लिपीत फक्त आकार नवे असतात, युक्ती जुनीच. म्हणून ज्या मुलाला गोष्ट आधी त्याच्या भाषेत कळली, वाचता आली, त्याला मराठीत पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. गोष्ट ठाऊक असलेले मूल मराठी पान उघडते तेव्हा निम्मा अर्थ त्याच्या खिशात असतो. त्याला फक्त शब्द ओळखायचे असतात.

एक खुलासा मात्र करायला हवा, कारण शिक्षणात लंबक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला वेळ लागत नाही. आधी गोष्ट याचा अर्थ अक्षरे नंतर कधीतरी, आपोआप येतील, असा कोणी घेऊ नये. अक्षर आणि आवाज यांची जोडणी नेमाने, सलग शिकवावीच लागते. यादगीरची कन्नड आणि पालघरच्या वाड्याची मराठी यांच्या प्राथमिक वर्गांचा काही वर्षे पाठपुरावा करून २०१७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आढळलेली अडचण अशी की अक्षरांतच इतका काळ जातो की मुलांच्या वाट्याला अर्थ असलेला मजकूर फार उशिरा येतो, आणि आला तरी तो त्यांच्या बोलीपासून दूरचा असतो. तिथे सुचवलेली वाट दोन्ही पायांनी चालण्याची आहे: रोज अक्षरेही, रोज गोष्टही. देशभरच्या ग्रामीण भागातले आकडे याची गरज सांगतात. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी जेमतेम २७ टक्के निघाली.

आता सोलापूरच्या घरातला पुरावा. द. रा. बेंद्रे हे कन्नडचे केवढे मोठे कवी, हे सांगायला नको. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. त्यांच्या घरची भाषा मराठी होती, आणि १९४४ ते १९५६ ही वर्षे ते सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात कन्नडचे प्राध्यापक होते. म्हणजे मराठी घरातला माणूस मराठी मुलखात बसून कन्नड शिकवत होता, आणि मराठीतही लिहीत होता. त्याच शहरात १९१२ साली जन्मलेल्या जयदेवीताई लिगाडे यांची गोष्ट नेमकी उलट दिशेची. घर कन्नड, शाळा मराठी. कन्नड लिहिणे-वाचणे त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने कमावले. त्यांना त्या भाषेकडे परत नेले ते शरणांच्या वचनांनी. पुढे त्यांनी सिद्धरामेश्वरांवर कन्नडमध्ये पुराण रचले आणि १९७४ साली मंड्याच्या कन्नड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. मराठीतही त्यांनी लेखन केले. तिसरे नाव लक्ष्मीनारायण बोल्ली यांचे. पद्मशाली विणकराच्या घरात तेलुगू बोलत वाढलेला हा मुलगा मराठीचा कवी झाला, तेलुगूतून मराठीत साहित्य आणत राहिला आणि ‘एका साळियाने’ हे आत्मचरित्र त्याने मराठीत लिहिले. या तिघांपैकी कोणालाही दुसऱ्या भाषेने पहिलीपासून तोडले नाही. तिघांच्याही बाबतीत भाषेचा उंबरा ओलांडताना हाताला धरायला साहित्य होते.

असामान्य माणसांची उदाहरणे देऊन सामान्य मुलांचे धोरण ठरवू नये, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण त्या तिघांच्या वाटेवर जे साहित्य होते ते काही असामान्य नव्हते, ते लोकांच्या तोंडी होते. सिद्धरामांची वचने छोटी आहेत, बोलण्याच्या लयीतली, आणि शेवटी त्यांच्या देवाचे नाव ठरलेले: कपिलसिद्ध मल्लिकार्जुन. तेलुगूतला वेमना चार ओळींत बोलतो आणि त्याची शेवटची ओळ बहुतेक पद्यांत तीच असते. मंगळवेढ्याच्या चोखोबांचा अभंगही शेवटी त्यांच्या नाममुद्रेवर येऊन थांबतो. नुकते वाचू लागलेल्या मुलाला पानावर एक तरी ओळखीची जागा लागते; या तीनही परंपरांनी ती शेकडो वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. आशय प्रौढ आहे हे खरे, म्हणून ही रचना तिसरी-चौथीच्या पुढे, निवडून वापरावी. पहिलीसाठी गोष्टीच बऱ्या. वाघाला दिलेला शब्द पाळणारी पुण्यकोटी गाय कन्नड घराघरांत ठाऊक आहे, आणि आपली भोपळेवाली म्हातारीही वाघालाच शब्द देते. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात, दोन भाषांत सांगून पाहाव्यात आणि मुलांना विचारावे की गाईने शब्द पाळला, म्हातारीने वाघाला फसवले, यात बरोबर कोण? या प्रश्नाला गाईडमध्ये उत्तर नाही, हाच त्याचा गुण.

गाईडचा विषय निघालाच आहे तर सांगितले पाहिजे की साहित्य आपल्या शाळांत नाही असे नाही. मराठी माध्यमाच्या नववी-दहावीला ‘कुमारभारती’ आहे, इतर माध्यमांना ‘अक्षरभारती’ आहे, त्याआधी ‘सुलभभारती’. निवड बऱ्याचदा उत्तम असते. गडबड पुढे होते. कविता आली की शब्दार्थ, मग प्रश्नोत्तरे, मग चार गुणांचे रसग्रहण, तेही ठरीव वाक्यांत. इतर माध्यमांच्या वर्गात तर ही कविता एकदा मोठ्याने, नीट म्हणूनही दाखवली जात नाही. अर्थ त्यांच्या भाषेत सांगितला की काम संपले. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, हे योग्यच झाले. पण सक्तीने मिळते ती तासिका. तेलुगू घरातल्या मुलाला मराठी पुस्तक स्वतःहून उचलावेसे वाटेल ते त्या तासिकेत काय घडते त्यावर.

मराठीच्या कैवाऱ्यांना यात धोका दिसू शकतो. वर्गात तेलुगू-कन्नड गोष्टी शिरल्या तर मराठीचे काय, अशी शंका येईल. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा सोलापुरात पेढे वाटले गेले असतील, तर ते बरेच झाले. तेलुगू आणि कन्नडला तो २००८ सालीच मिळाला आहे. तीन अभिजात भाषा एका शहराच्या गल्ल्यांत राबत असताना त्यांनी एकमेकींना घाबरावे, हे शोभत नाही. बोल्लींच्या तेलुगूने मराठीचे नुकसान केले, की एक कवी दिला?

करायचे काय, ते फार खर्चाचे नाही. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला एकच चित्रमय पुस्तक अनेक भारतीय भाषांत, त्याच चित्रांसह, माफक किमतीत काढत आली आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू गोष्टी फुकट उतरवून छापून घेता येतात. एकाच गोष्टीच्या चार भाषांतल्या प्रती एका फळीवर, मुलांच्या हाताला लागतील अशा उंचीवर ठेवणे, एवढे तर कोणत्याही मुख्याध्यापकाला जमेल. पुस्तके फाटतील, फाटू द्यावीत, आणि रजिस्टरात ‘वापरून जीर्ण’ असा रकाना महापालिकेने व जिल्हा परिषदेने अधिकृतपणे द्यावा, म्हणजे शिक्षकाला भीती राहणार नाही. मराठी शिक्षकाला तेलुगू येत नाही, ही अडचण खरी. पण ज्या वस्तीत शाळा आहे तिथे तेलुगू सांगणाऱ्या आज्या घरोघरी विड्या वळत बसल्या आहेत. त्यांची गोष्ट वर्गात व्हावी, मुलांनी ती मराठीत आपल्या शब्दांत सांगावी, शिक्षकाने ती फळ्यावर उतरवावी आणि दुसऱ्या दिवशी तीच त्या वर्गाचे वाचन व्हावी. ॲश्टन-वॉर्नर यांनी वेगळे काही केले नव्हते. गोष्ट सांगणाऱ्या या आज्यांना तासाचे मानधन मिळाले पाहिजे, हे मात्र अंदाजपत्रकातच लिहावे. ज्यांची कमाई हजार विड्यांच्या हिशेबाने होते त्यांच्याकडून सेवाभावाची अपेक्षा धरणे बरे नाही.

महापालिका आणि जिल्हा परिषदेची अंदाजपत्रके मार्चपर्यंत होतात. पूर्वभागातल्या पाच-दहा आणि अक्कलकोटकडच्या तितक्याच शाळांसाठी ही तरतूद त्यात बसू शकते, आणि वर्षअखेरीस मुलांचे वाचन तपासून ती वाढवायची की थांबवायची ते ठरवता येते. नगरसेवकांनी आणि जिल्हा परिषद सदस्यांनी तेवढी मागणी सभागृहात मांडावी. वाचकांपैकी ज्यांच्या घरी आई, आजी, सासूबाई तेलुगू, कन्नड किंवा दखनीत गोष्टी सांगतात, त्यांनी अंदाजपत्रकाची वाट पाहू नये. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना या आठवड्यातच जाऊन भेटावे.